विशेषांकाला शेवटचं पान असू द्या : तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकांना खुलं पत्र

प्रति,
तत्त्वज्ञानाच्या संशोधन-नियतकालिकांचे प्रकाशक, मुख्य संपादक आणि संपादक मंडळं यांस,

सप्रेम नमस्कार.

एकाच विषयावरचे लेख एका अंकात आणणारे विशेषांक बंद करून त्यांच्या जागी 'विषय-संग्रह' सुरू करण्याचा निर्णय तुमच्यापैकी अनेकांनी घेतला आहे. या पद्धतीत लेख स्वीकारला की तो ऑनलाइन जातो, त्या वेळी जो खंड चालू असेल त्यात बसतो आणि संग्रहाच्या पानावर त्याचा फक्त दुवा उरतो. पहिला लेख एका वर्षीच्या खंडात, त्याला उत्तर देणारा लेख दोन वर्षांनी दुसऱ्याच खंडात, आणि मध्ये शेकडो असंबद्ध लेख. काही संग्रहांना तर शेवटची तारीखच नाही. अंक कधी पूर्ण झाला, तो पूर्ण आहे असं कोणी म्हणायचं, याचं उत्तर कोणाकडेच नसतं.

अतिथी संपादक, म्हणजे एका विशेषांकापुरते बाहेरून आलेले संपादक, म्हणून आम्ही या विशेषांकांचे प्रस्ताव लिहितो, लेख मागवतो, परीक्षकांच्या मागे लागतो, प्रुफं तपासतो. हे काम बिनमोबदला आहे हे माहीत असूनच आम्ही ते अंगावर घेतो, त्यामुळे मोबदल्याचा प्रश्न या पत्रात नाही. ज्या वस्तूसाठी आम्ही दोन-अडीच वर्षं देतो, ती वस्तूच तुम्ही मोडीत काढत आहात, आणि हे आम्हाला गप्प राहून स्वीकारता येत नाही.

तत्त्वज्ञानात विशेषांक का लागतो, हे एका उदाहरणावरून सांगतो. समजा विषय आहे दुसऱ्याच्या सांगण्यावरून मिळणारं ज्ञान. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, शब्दाला, म्हणजे विश्वासू माणसाच्या सांगण्याला, स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, मानतात. वैशेषिक दर्शनाचे अनुयायी त्याला अनुमानात जमा करतात. अठराव्या शतकातले स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांच्या वाटेने जाणारे म्हणतात, सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायला अनुभवाचा आधार हवा. त्यांचेच समकालीन थॉमस रीड यांच्या वाटेने जाणारे म्हणतात, संशयाला कारण नसेल तर विश्वास ठेवणं मुळातच योग्य. आणि मिरांडा फ्रिकर यांच्या 2007 च्या पुस्तकानंतर प्रश्नाला आणखी एक बाजू आली : कोणाच्या सांगण्याला पूर्वग्रहामुळे कमी किंमत मिळते? हे पाचही जण वेगवेगळ्या नियतकालिकांत लिहीत राहिले, तर न्यायदर्शनावर लिहिणाऱ्याला रीडवाल्याची हरकत कधी वाचायलाच मिळणार नाही. विशेषांकात अतिथी संपादक परीक्षणाच्या पहिल्या फेरीनंतर त्याला सांगू शकतो की, तुमच्या तिसऱ्या भागातल्या युक्तिवादावर याच अंकातल्या दुसऱ्या लेखात हरकत आहे, तिची दखल घ्या. त्या एका सूचनेने दोन्ही लेख सुधारतात. पण त्यासाठी दोन्ही लेख एकाच वेळी टेबलावर असावे लागतात. 'द मोनिस्ट' हे नियतकालिक कित्येक दशकं एका अंकाला एक विषय या पद्धतीने निघतं आहे, 'फिलॉसॉफिकल टॉपिक्स'ही तसंच. ठरलेल्या पानांत, ठरलेल्या तारखेला अंक बांधता येतो, हे त्यांनी दाखवून दिलं आहे.

आता आमच्या तक्रारी.

पहिली प्रस्तावाच्या टप्प्याची. तुम्ही मागता त्यात दोन-तीन पानांचं विषयाचं समर्थन असतं, याच विषयावर आधी काय निघालं आहे आणि आमच्या अंकात नवं काय असेल याचा हिशेब असतो, आठ ते दहा लेखकांचे दोन-तीनशे शब्दांचे गोषवारे असतात, संभाव्य परीक्षकांची नावं, शब्दमर्यादा आणि महिन्यावार वेळापत्रक असतं. हे जुळवायला तीन-चार महिने जातात, कारण प्रत्येक गोषवाऱ्यामागे एक माणूस असतो आणि त्याला दीड वर्षानंतरचा लेख आज कबूल करायचा असतो. एवढं करून प्रस्ताव पाठवला की सहा-सहा महिने पोचही येत नाही. एकच प्रस्ताव दोन ठिकाणी पाठवणं योग्य नव्हे म्हणून आम्ही थांबतो. तोवर गोषवारा देणाऱ्यांपैकी दोघं तो लेख दुसरीकडे देऊन मोकळे होतात, एकाचं पुस्तक त्याच विषयावर येतं, आणि होकार आला तरी मूळ अंक हातातून गेलेला असतो. नकाराचं दुःख नाही. 'विषय आमच्या कक्षेत बसत नाही' एवढं एक वाक्य तीन आठवड्यांत आलं तर आम्ही आभारच मानू.

याच टप्प्यावर तुमच्या नमुन्यात एक रकाना असतो : 'निश्चित झालेले लेखक'. त्याच पानावर खाली लिहिलेलं असतं की, सर्व लेखांचं नेहमीप्रमाणे निनावी परीक्षण होईल. मग निश्चित काय झालं? लेखकाचा समज होतो की निमंत्रण म्हणजे स्वीकृती. वर्षभराने त्याचा लेख नाकारायची वेळ आली की संबंध बिघडतात ते अतिथी संपादकाचे. निमंत्रणपत्रात पहिल्याच परिच्छेदात दोन वाक्यं हवीत : हे लेख पाठवण्याचं निमंत्रण आहे, परीक्षणात तो नाकारलाही जाऊ शकतो. ही वाक्यं तुमच्या लेटरहेडवर, तुमच्या शब्दांत असली पाहिजेत. आम्ही आपल्या पदरचं लिहिलं तर लेखक ते सौजन्याचं वाक्य समजतो.

लेखकांची यादी कोण तपासतं, हाही इथलाच प्रश्न. 2017 साली 'जर्नल ऑफ पोलिटिकल फिलॉसॉफी'ने 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीवर लेखांचा संच छापला आणि त्यात एकही कृष्णवर्णीय लेखक नव्हता. तत्त्वज्ञ क्रिस लेब्रॉन यांनी खुलं पत्र लिहून ते दाखवून दिलं आणि संपादकांना माफी मागावी लागली. असा दोष छपाईच्या वेळी दुरुस्त होत नाही, कारण तोवर जागा भरलेल्या असतात. प्रस्ताव मंजूर करतानाच यादी बघून 'या विषयावर ज्यांच्याबद्दल आपण बोलतो आहोत ते कुठे आहेत' हे विचारायला हवं. आणि निम्म्या जागा तरी खुल्या आवाहनासाठी राखून ठेवायला हव्यात. ओळखीतल्या नावांनी अंक भरला की प्रस्ताव भक्कम दिसतो हे खरं, पण जे नाव आम्हाला माहीतच नव्हतं त्याचा लेख आवाहनातूनच येतो.

दुसरी तक्रार परीक्षणाची, आणि आमचं बहुतेक आयुष्य यातच जातं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समजा चौदा लेख आले. प्रत्येकी दोन अहवाल, म्हणजे अठ्ठावीस. एका होकारासाठी तीन-चार जणांना विचारावं लागतं. म्हणजे पहिल्या फेरीतच नव्वद-शंभर पत्रं. विषय अरुंद असेल तर त्यावर अधिकाराने बोलणारी माणसं जगात चाळीस-पन्नास असतात. त्यांतली दहा याच अंकात लिहीत असतात. उरलेल्यांपैकी काही लेखकांचे मार्गदर्शक, काही सहलेखक, काही त्याच विभागात काम करणारे. हे सगळे वजा केले की हातात पंधरा-वीस नावं राहतात, आणि त्याच महिन्यात तुमचाच नियमित विभाग त्याच लोकांना दुसऱ्या लेखांसाठी विचारत असतो. लेख पाठवण्याच्या तुमच्या ऑनलाइन यंत्रणेत अतिथी संपादकाला ते दिसत नाही. ज्याने कालच एका लेखाला होकार दिला त्याला आज आम्ही दुसरा पाठवतो, आणि तो वैतागून दोन्ही नाकारतो. त्यात शेजारच्याच विषयावर तुम्ही आणखी दोन बेमुदत संग्रह उघडलेले असतात. एक ना धड, भाराभर चिंध्या अशी ही अवस्था आहे.

यंत्रणा आपण होऊन परीक्षक सुचवते, तिची गंमत म्हणून नव्हे तर नुकसान म्हणून नोंद करतो. ती कळीचे शब्द जुळवते. दुसऱ्याचं सांगणं या अर्थाने वापरलेला 'साक्ष' हा शब्द दिसला की न्यायालयीन साक्षीपुराव्याचे अभ्यासक सुचवते. अशा परीक्षकाने होकार दिला तर दोन महिन्यांनी 'हा लेख माझ्या क्षेत्रातला नाही' असं कळतं आणि लेखकाचे दोन महिने गेलेले असतात. दुसरी अडचण लेख पाठवण्याच्या पहिल्याच पडद्यावर असते. तिथे लेखाच्या प्रकाराची यादी असते आणि तीत 'मूळ संशोधन' आधीच निवडलेलं असतं. लेखकाने ते बदलून विशेषांकाचं नाव निवडलं नाही, तर लेख नियमित रांगेत जातो, कधी परीक्षणाविना परतही येतो, आणि आम्हाला त्याचा पत्ताच नसतो. आवाहनात ही सूचना ठळक लिहिली तरी चौदांतले दोन-तीन लेख चुकतातच. हा दोष लेखकांचा नाही, पडद्याच्या मांडणीचा आहे.

निनावीपणाबद्दल प्रामाणिकपणे बोलायला हवं. तत्त्वज्ञानाच्या अनेक चांगल्या नियतकालिकांत निर्णय घेणाऱ्या संपादकालाही लेखकाचं नाव माहीत नसतं. निमंत्रित लेखांत हे शक्य नाही. गोषवारा आम्हीच वाचलेला असतो. ते लपवण्यापेक्षा कामाची वाटणी करावी. अतिथी संपादक किमान दोघं असावेत, ज्याने लेखकाला बोलावलं त्याने त्या लेखाचे परीक्षक निवडू नयेत आणि शिफारसही दुसऱ्यानेच लिहावी. अतिथी संपादकाचा स्वतःचा लेख असेल तर तो पूर्णपणे मुख्य संपादकाकडे जावा आणि आम्हाला त्याच्या फाइलमध्ये डोकावताही येऊ नये. 'डिरेक्टरी ऑफ ओपन अ‍ॅक्सेस जर्नल्स' या, सर्वांना मोफत वाचता येणाऱ्या नियतकालिकांच्या सूचीचा नियम आहे की, अतिथी संपादकांचे लेख अंकाच्या 25 टक्क्यांहून जास्त नसावेत. आठ लेखांच्या अंकात म्हणजे दोन. आम्हाला तेही जास्त वाटतात. प्रस्तावनेखेरीज एक पुरे.

तिसरी तक्रार अधिकाराची. अतिथी संपादक शिफारस करतो आणि अंतिम निर्णय मुख्य संपादकाचा, ही व्यवस्था आम्हाला मान्य आहे. मान्य नाही ते हे की, ही व्यवस्था कुठेच लिहिलेली नसते. दोन अहवाल अनुकूल, दोनदा सुधारणा झालेल्या, आमची शिफारस गेलेली, आणि शेवटी मंडळातल्या कोणाच्या तरी एका ओळीच्या शेऱ्यावर लेख परत. लेखकाला काय सांगायचं? हे बिनसतं तेव्हा किती बिनसतं हे 'सिंथीज' या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकाच्या प्रकरणात सगळ्यांनी पाहिलं आहे. उत्क्रांतिवाद आणि त्याचे प्रतिस्पर्धी या विषयावरच्या त्या विशेषांकातले लेख 2009 मध्ये ऑनलाइन आले होते. 2011 मध्ये छापील अंक आला, तेव्हा लेखांच्या भाषेबद्दल नापसंती दाखवणारं मुख्य संपादकांचं निवेदन त्यात होतं आणि त्याला अतिथी संपादकांची संमती नव्हती. नियतकालिकावर बहिष्काराची हाक दिली गेली. भाषेबद्दल आक्षेप असेल तर तो परीक्षणाच्या वेळी घ्यावा. तेव्हा लेखक वाक्य बदलू शकतो. छपाईच्या दारात आक्षेप घेतला की कोणाच्याच हातात काही राहत नाही.

चौथी, संख्येची. लेख छापण्यासाठी लेखकाकडून किंवा त्याच्या संस्थेकडून प्रकाशकाला लेखागणिक शुल्क मिळू लागलं की जास्त अंक म्हणजे जास्त उत्पन्न हे साधं गणित होतं, आणि दर आठवड्याला 'तुम्ही विशेषांक संपादित कराल का' अशी ईमेल येऊ लागतात. या वाटेचा शेवट कुठे होतो ते हिंदावी या प्रकाशन कंपनीच्या बाबतीत दिसलं. वाइली या मोठ्या प्रकाशकाने ती कंपनी 2021 मध्ये घेतली, 2022 मध्ये विशेषांकांतले गैरप्रकार उघड झाल्यावर ते काही काळ थांबवावे लागले, 2023 मध्ये आठ हजारांहून जास्त लेख मागे घ्यावे लागले आणि त्याच वर्षाअखेरीस ते नावच बंद करण्याची घोषणा झाली. तत्त्वज्ञानाची नियतकालिकं तिथवर गेलेली नाहीत. पण दबाव पोचला आहे. 2024 मध्ये 'फिलॉसॉफी अँड पब्लिक अफेअर्स'च्या संपादकांनी सामूहिक राजीनामे दिले आणि 'ओपन लायब्ररी ऑफ ह्युमॅनिटीज' या ना-नफा प्रकाशकाबरोबर नवं नियतकालिक काढायचं ठरवलं, तेव्हा जास्तीत जास्त लेख छापण्याचा प्रकाशकांचा आग्रह हा त्यांच्या तक्रारीचा भाग होता. चार अतिथी संपादकांमागे मंडळातला एक माणूस लक्ष देऊ शकतो. चाळीसांमागे देऊ शकत नाही. मंडळाने वर्षाला किती विशेषांक घ्यायचे, हा आकडा मंडळाने ठरवावा. तो विक्री विभागाकडून येऊ नये.

पाचवी तक्रार लहान वाटेल, पण आम्हाला ती फार लागते : अक्षरजुळणी. अवश्यतेच्या तर्कशास्त्रात, म्हणजे काय अवश्य खरं आणि काय शक्य याच्या तर्कशास्त्रात, 'अवश्य' यासाठी एक छोटा रिकामा चौकोन लिहितात. फाँटमध्ये एखादं अक्षर नसेल तर संगणक त्याच्या जागी असाच रिकामा चौकोन दाखवतो. जुळणी करणाऱ्याला वाटतं, अक्षर गळलं आहे. तो चौकोन काढून टाकतो. 'प' म्हणजे कोणतंही एक विधान धरा. लेखात होतं, 'प अवश्य असेल, तर प आहे'. छापून येतं, 'प असेल, तर प आहे'. पहिलं वाक्य काही तर्कव्यवस्थांत धरतात, काहींत धरत नाहीत, आणि सबंध लेख त्याच फरकावर उभा असतो. दुसरं वाक्य कोणीही नाकारणार नाही आणि त्यासाठी कोणी लेखही लिहिणार नाही. प्रूफ लेखकाकडे जातं आणि 48 तासांत परत मागितलं जातं. तो प्रवासात असेल तर तसंच छापलं जातं. अतिथी संपादकाला ते दाखवलंच जात नाही. संस्कृत शब्दांच्या रोमन लिप्यंतरातल्या आडव्या रेघा आणि खालचे टिंब यांचीही हीच गत होते.

प्रस्तावनेबद्दल एवढंच. ती चार-पाच हजार शब्दांची असते आणि सगळ्यात शेवटी लिहिली जाते, कारण लेखांचा एकमेकांशी वाद कुठे आहे ते अंतिम मसुद्यांवरूनच कळतं. बेमुदत संग्रहात ती एकतर लेखांच्या आधी मागितली जाते, म्हणजे नुसती गोषवाऱ्यांची बेरीज होते, नाहीतर कधीच छापली जात नाही.

तुमच्या बाजूचं एक म्हणणं आम्हाला पटतं. एका उशीर करणाऱ्या लेखकापायी सात लेख अडून राहतात, आणि नोकरीच्या शोधात असलेल्या तरुण संशोधकाला एक वर्ष थांबणं परवडत नाही. म्हणून स्वीकारलेला लेख लगेच ऑनलाइन जावा, याला आमची हरकत नाही. पण त्याला खंड-अंक-पृष्ठं तेव्हा देऊ नका; ती अंक बांधताना द्या. आणि अंकाला एक कडक तारीख ठेवा. त्या तारखेपर्यंत जो लेख पोचला नाही तो, कितीही मोठ्या नावाचा असला तरी, पुढच्या नियमित अंकात जाईल, आणि प्रस्तावनेत त्याचा उल्लेख राहील. हे लेखकाला सांगायचं काम आम्ही करू. त्यातला वाईटपणा आमच्याकडे.

आमच्या मागण्या अशा. प्रस्तावाची पोच दोन आठवड्यांत आणि निर्णय दहा आठवड्यांत, नकार असेल तर कारणासह. मंजुरीबरोबर एक पानाचं लेखी पत्र, ज्यात निर्णय कोणाचा, मंडळ कोणत्या टप्प्यापर्यंत हस्तक्षेप करू शकतं, मतभेद झाला तर तो कोण सोडवेल आणि अतिथी संपादकांना न विचारता अंकात काहीही घातलं जाणार नाही, हे स्पष्ट असेल. आमच्या अंकाच्या परीक्षकांना गेल्या सहा महिन्यांत तुमच्याकडून किती विनंत्या गेल्या, ते आम्हाला यंत्रणेत दिसावं. लेख पाठवताना विशेषांक निवडल्याशिवाय पुढे जाता येणार नाही असा स्वतंत्र दुवा प्रत्येक अंकासाठी असावा. प्रूफ लेखकाबरोबर अतिथी संपादकालाही जावं आणि चिन्हं असलेल्या लेखांसाठी मुदत किमान सात दिवसांची असावी. वर्षाला किती विशेषांक, हा आकडा मंडळाने जाहीर करावा. आणि जे संग्रह आज उघडे आहेत, त्यांना प्रत्येकी एक शेवटची तारीख जाहीर करून, प्रस्तावनेसह, एका अंकाच्या रूपात ते बंद करावेत.

यांतल्या बहुतेक मागण्यांना पैसे लागत नाहीत. स्वतंत्र दुवा आणि विनंत्यांची नोंद यांसाठी यंत्रणेत थोडा बदल करावा लागेल, आणि वाढीव मुदतीसाठी जुळणीचं वेळापत्रक सैल करावं लागेल. बाकी लिहून द्यायचं आहे, इतकंच.

या पत्राचं उत्तर तुम्ही जाहीरपणे द्यावं, आणि ते येईपर्यंत बेमुदत संग्रहांसाठी नवे प्रस्ताव आमच्याकडून मागू नयेत, ही विनंती.

आपले,
तत्त्वज्ञानाच्या विशेषांकांचे अतिथी संपादक, परीक्षक आणि लेखक